तिसरी हाक

उम्म अल क्वैनच्या खाडीवर
समुद्र गोडा करणाऱ्या कारखान्यात माझी रात्रपाळी.
पंप क्रमांक तीन, गेज, जाळी, नोंदवही.
दर तासाला दाब लिहायचा, क्षार लिहायचे,
जाळीत अडकलेलं शेवाळ, जेलीफिश, कधी एखादं कासव
आकड्यानं ओढून बाजूला करायचं.

फाटकावर बखीत, सत्तरीचा.
त्याचा आजा मोत्यांसाठी बुड्या मारायचा,
नाकाला कासवाच्या पाठीचा चिमटा, पायाला धोंडा.
बखीत वेलचीची कॉफी ओततो आणि बू-दर्याचं सांगतो:
रात्री गलबताजवळ येतो,
बुडत्या माणसासारखा ओरडतो.
दया आली की संपलं.
वर घेतलात तर उजाडेपर्यंत एकेक खलाशी कमी.
म्हणून आमचे लोक एकच उत्तर द्यायचे,
करवत आणा! जदूम आणा!
लोखंडाला भितो तो.

जदूम म्हणजे काय, त्यानं हातानं तासून दाखवलं.
मी म्हटलं, वाकस.
बाणकोटला होड्या तासणाऱ्यांच्या हातात असतो तो.

मग मी त्याला गिऱ्हा सांगितला,
पागणाऱ्याला गुडघ्याभरातून
गळ्याभरात नेणारा.
धाकू पागी म्हणायचा, रात्री पाण्यावरून हाक आली
तर पहिलीला ओ देऊ नको, दुसरीला देऊ नको.
भुताला तिसरी हाक मारता येत नाही.
तिसरी आली तर माणूस समज,
आणि धाव.
बखीत हसला. तुमची भुतं फार हिशोबी, म्हणाला.

आमच्या खोलीत सहा खाटा, वर तीन, खाली तीन,
आणि छातीवर येऊन बसणारा एक.
बखीत त्याला याथूम म्हणतो,
शफीउल बोबा, थंगराज अमुक्कुवान.
माझ्या गावात त्याला धड नाव नव्हतं, नुसतं दडपण.
सकाळी दात घासताना कोणीतरी सांगतं,
काल माझ्याकडे होता.
भांडी घासायच्या पाळीसारखं.

फेब्रुवारीतलं धुकं. दोन वाजून चाळीस.
जाळीपलीकडे दिवे दिसत नव्हते, पाणीसुद्धा नाही.
हाक आली.
कुठल्या भाषेत, विचारू नका,
तोंडात पाणी गेलं की सगळ्या भाषा एकच.
मी एक मोजली.
दुसरी आली, जवळून.
मी आकडा घट्ट धरला आणि ओरडलो,
करवत आणा! वाकस आणा!
मराठीत, जितका आवाज होता तितका.

मग पंपच तेवढा.
फजरच्या अजानपर्यंत कठड्याला टेकून
मी तिसरीची वाट पाहिली.
वहीत लिहिलं: दाब ठीक. क्षार ठीक.

उजाडल्यावर जाळीवर एक निळी रबरी चप्पल,
डाव्या पायाची.
समुद्र रोजच चपला आणतो.
बखीतनं ती उचलली, पाणी निथळू दिलं,
भिंतीला लावून सरळ उभी ठेवली.
त्या दिवशी कॉफी ओतली नाही.
मी विचारलं, तो माणूसही असू शकतो ना?
तो म्हणाला, आजाही हेच विचारायचा. म्हातारपणी.

तेव्हापासून बाकीच्या पाच खाटा स्वस्थ झोपतात.
तो माझ्याकडेच येतो.
नखं नाहीत, शेपूट नाही,
वजन साठ-बासष्ट किलो, कामगाराचं असावं तेवढंच.
ओला असतो. एक पाय अनवाणी,
माझ्या बरगडीवर टेकवतो.
तोंड उघडतो आणि उघडंच ठेवतो,
आणि मला ओ द्यायची असते,
आता, याच क्षणी,
पण माझी जीभ टाळ्याला चिकटलेली.

शफीउल हलवून उठवतो.
कुशीवर झोप म्हणतो, पाणी पी म्हणतो,
पेला भरून आणतो नळाचा,
आमच्याच पंपावरून आलेला.
मी तो ट्यूबलाइटखाली धरून बघतो.
क्षार ठीक.